बसऱ्या

रात्री अकरानंतर आमच्या घरात दुसरं महायुद्ध सातच्या आवाजावर चालतं. आठवर नेलं की लेकाच्या खोलीचं दार उघडतं (दहावीचं वर्ष, क्लास सकाळी साडेसहाचा). सहावर आणलं की सेनापती काय पुटपुटतायत ते कळत नाही. युद्धपटांचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो. आमच्या टीव्हीच्या दोन किरकोळ स्पीकरांतून तो बाहेर येतो तेव्हा माणसं कुजबुजतात आणि तोफा जिन्यापर्यंत ऐकू जातात. त्यामुळे माझा उजवा अंगठा कायम रिमोटवर. बोलणं आलं की वर, भडिमार आला की खाली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर होड्यांची फळी पडायच्या दोन सेकंद आधी मी आवाज उतरवते. इतक्यांदा पाहिलंय, की कुठला गोळा कधी पडणार ते मला पाठ आहे.

नवरा पहिल्या गोळीलाच झोपतो. तोफखाना सुरू झाला की घोरणं त्याच्या तालात येतं.

दिवसभर सोफ्यावर पसरलेल्या माणसाला आमच्या माहेरी ‘बसऱ्या’ म्हणतात. माझ्या आजोळी त्या नावाचा एक बैल होता म्हणे, त्यावरून. नांगराला जुंपला की मध्येच बसकण मारणारा बैल असणार, असं मी लहानपणापासून धरून चाललेले. हा शब्द नवऱ्याला लागला, लेकाला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी मी एकामागून एक तीन भाग पाहिले की आई फोनवरूनसुद्धा मला लावते. ‘काय, आज बसऱ्या का?’

बाईमाणसाला हा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. मी बँकेत कर्जाच्या फायली बघते. माझ्या चुकीनं फार तर एखाद्याचा हप्ता चुकतो. इथे एका सहीनिशी अख्खं सैन्य उन्हाळी कपड्यांत रशियाच्या थंडीत जातं. दुसऱ्याच्या एवढ्या मोठ्या चुका रात्री निवांत पाहायला मिळाल्या की सकाळी आपल्या चुका जरा बऱ्या दिसतात. हे काही शोभेलसं कारण नाही, पण खरं आहे.

सुरुवात दूरदर्शनवर झाली. १९८८ साली चेतन आनंद यांची ‘परमवीर चक्र’ मालिका लागायची. मी आठ वर्षांची, चाळीत टीव्ही दोनच. शेवट बहुतेक वेळा काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असूनही खोलीत चिडीचूप असायचं. मग केबल आलं, आणि केबलवर ती कृष्णधवल, खरखरीत, न संपणारी युद्धं. त्यातून पुढे कधीतरी १९७३-७४ ची ब्रिटिश मालिका ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ हाती लागली. सव्वीस भाग, निवेदक लॉरेन्स ऑलिव्हिए. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला कॅमेरा एका ओसाड गावावरून फिरतो. फ्रान्समधलं ओरादूर. १० जून १९४४ ला जर्मन एसएसच्या सैनिकांनी तिथल्या ६४२ माणसांना मारलं. गाव पुन्हा बांधलं नाही, जळकं होतं तसंच ठेवलं. भिंती उभ्या, छपरं नाहीत, रस्त्यात गंजलेली मोटार. एकही गोळी नाही की प्रेत नाही, फक्त रस्ता. ही मालिका मी तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा त्या रस्त्याशी आले की कुकरचं, कपड्यांचं, कसलंच भान राहिलं नाही. एरवी मी युद्ध मध्येच थांबवून गॅस बंद करून येणारी बाई आहे.

पाहता पाहता कळायला लागलं, की बरीचशी चित्रं तीच ती आहेत. पहिल्या महायुद्धावरचा कुठलाही माहितीपट लावा, एक दृश्य हमखास येणार. खंदकातून सैनिक वर चढतायत, दोघं काठावरच कोसळतात, एक जण मातीवरून घसरत परत खाली येतो. हे दृश्य १९१६ च्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरच्या चित्रपटातलं. १ जुलैला लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,००० च्या वर लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. त्यांतले १९,००० च्या वर मेलेले. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल हे दोघे तिथे कॅमेरे घेऊन होते. ऑगस्टमध्ये चित्रपट लागला आणि पहिल्या सहा आठवड्यांत ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी तिकिटं खपली. लोक आपला मुलगा, आपला नवरा दिसतो का ते शोधायला जायचे.

आणि ते खंदकाचं दृश्य खोटं आहे. आघाडीपासून मागे, सरावाच्या जागी रचून घेतलेलं. खऱ्या हल्ल्यात तेव्हाचा तिवईवरचा लाकडी खोका घेऊन कोण तिथे उभा राहणार? पडलेल्यांपैकी एक जण तर ‘मेल्यावर’ पायावर पाय नीट ठेवून घेतो. एकदा ते दिसलं, की पुढच्या वेळी डोळा तिथेच जातो. रशियन क्रांतीचंही तसंच. हिवाळी राजवाड्यावर चाल करून जाणारी ती गर्दी म्हणून जी दाखवतात ती रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइननं दहा वर्षांनी चित्रपटासाठी जमवलेली होती. पण गंमत अशी, की सोमच्या त्याच चित्रपटात एक माणूस जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन अरुंद खंदकातून येतो आणि जाता जाता थेट आपल्याकडे बघतो. तो खरा. म्हणजे चित्रपट खोटा म्हणूनही सुटका नाही.

आवाजाची गोष्ट त्याहून वरताण. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर चित्रण करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या हातात आयमो नावाचा कॅमेरा असायचा. घड्याळासारखी चावी द्यायची, आत शंभर फूट फीत, म्हणजे जेमतेम मिनिटभराचं चित्रण. फीत संपली की बदला, तोवर युद्ध पुढे गेलेलं. त्या कॅमेऱ्यात आवाज टिपायची सोयच नव्हती. मुळात ते सगळं मुकं आहे. रणगाड्याची घरघर, बाँबची शीळ, पळणाऱ्यांचे बूट हे सगळं नंतर कुठल्यातरी स्टुडिओत बसून चढवलेलं. मी इतकी वर्षं लेकाला ऐकू जाऊ नये म्हणून जपून जपून कमी करत होते, तो आवाज त्या जागी कधी टिपलाच गेला नव्हता.

२०२५ च्या एप्रिलअखेरीस आई आमच्याकडे आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. दिवसभर ठरल्या वेळांना डोळ्यात थेंब, शेवटचे रात्री अकराला. अकरा ही माझी युद्धावर जायची वेळ. तिला झोप येत नसे आणि एकटं पडायचं नसे, म्हणून काळा चष्मा लावून ती सोफ्याच्या कडेला डोळे मिटून बसायची. टीव्ही पाहायचा नाही, पण ऐकायला कुणाची बंदी नव्हती. त्या आठवड्यात माझं स्टालिनग्राड चाललं होतं. तिसऱ्या रात्री ती म्हणाली,

‘तीन दिवस ऐकतेय मी. नुसती ओरडतायत सगळी. ह्यांना जेवायला कोण घालतं गं?’

मी हसले. मग सांगायला लागले, की जर्मन सैन्य वेढ्यात अडकलं, अडीच लाखांच्या आसपास माणसं, आणि हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोरिंग म्हणाला की विमानांनी सगळं पोचवतो. रोज निदान तीनशे टन लागत होतं, बहुतेक दिवशी त्याच्या निम्मंही पोचलं नाही.

‘अडीच लाख पानं,’ आई म्हणाली.

लालबागच्या चाळीत आणि पुढे साताऱ्याकडे भावकीत, तिनं आयुष्यभर लग्नकार्यांचा भटारखाना सांभाळलाय. चारशे पान उठवायचं म्हणजे पहाटे तीनला चूल पेटवावी लागते हे तिला ठाऊक. तिच्या पुढच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं नव्हती. बर्फ वितळवून पाणी करायचं तर जळण कुठून आणलं? त्या उघड्या माळावर झाड आहे का? पीठ आलं तर भाजायचं कशावर? घोडे खाल्ले म्हणतेस, तर मग ओझी कुणी ओढली? माझ्याकडे बाण होते. नकाशावर उजवीकडून एक लाल बाण, डावीकडून एक, मध्ये टोकं जुळली की वेढा. बाणांना भूक लागत नाही.

तेव्हापासून माझा कार्यक्रमच बिघडला. कुठलंही युद्ध लावलं की मी पडद्याच्या कडेला चूल शोधते. बहुतेक वेळा नसतेच. चित्रपटांतली माणसं सिगरेट ओढतात, पत्र वाचतात, मरतात. फार झालं तर डब्यातलं काहीतरी चमच्यानं खातात. पीटर जॅक्सननं २०१८ मध्ये ब्रिटिशांच्या पहिल्या महायुद्धातल्या जुन्या फितींना रंग देऊन, त्यांचा वेग नीट करून, ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून माणसं काय बोलतायत ते काढून घेऊन एक माहितीपट केला. त्यात मात्र चहा आहे, उवा आहेत, किडके दात आहेत आणि एका आडव्या बल्लीवर ओळीनं शौचाला बसलेली पोरंही आहेत. तोवर आईला टीव्हीची मुभा मिळाली होती. ती बल्ली पाहून ती पदर तोंडाला लावून हसली. ‘हे खरं,’ म्हणाली. मला तो रंग अजून जरा भडक वाटतो, मेलेल्यांना फोटो स्टुडिओत नेल्यासारखा. पण आईचं मत नोंदवायलाच हवं.

तिच्या आवडीचा युद्धपट एकच, ‘बॉर्डर’, तोही पत्राच्या गाण्यासाठी. लोंगेवालाची लढाई, १९७१ च्या डिसेंबरातली चार-पाच तारखेची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सव्वाशेच्या आसपास लोक, समोर रणगाड्यांची रांग. पहाटे जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि चित्र पालटलं. पडद्यावर एकामागून एक जण धारातीर्थी पडतो. प्रत्यक्षात त्या ठाण्यावर आपले दोन जवान गेले. आणि भैरोसिंग राठोड, ज्यांना चित्रपटात रणगाड्याखाली वीरमरण आलंय, ते सीमा सुरक्षा दलातून निवृत्त होऊन राजस्थानात आपल्या गावी राहत होते. २०२२ च्या डिसेंबरात गेले, एक्याऐंशीव्या वर्षी. म्हणजे चित्रपट आल्यावर पंचवीस वर्षं आपलं मरण टीव्हीवर लागलेलं असताना ते जेवत, झोपत, शेतावर जात होते.

हे मी मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प.

‘त्याच्या बायकोनं पाहिला असेल का गं हा पिक्चर?’

मग मे महिन्यात खरं युद्ध टीव्हीवर आलं, भारत-पाकिस्तानचं. पहिले दोन-तीन दिवस घरात बातम्यांशिवाय काही लागेना. एका वाहिनीवर निवेदकाच्या मागे सतत भोंगा वाजत होता, हवाई हल्ल्याचा असतो तसा. मी दुपारी बँकेत. घरी आले तर खिडक्यांचे सगळे पडदे ओढलेले आणि आई भर उन्हाळ्यात स्वयंपाकघरात, पंखाही न लावता, भिंतीला पाठ लावून बसलेली. तिला कळत होतं की टीव्ही वाजतोय. ‘कळतंय गं, पण पाय ऐकेनात,’ म्हणाली. पुढे सरकारनंच वाहिन्यांना सांगितलं, की हे भोंग्याचे आवाज कार्यक्रमांत वापरू नका. नाहीतर खरा वाजेल तेव्हा लोक उठायचे नाहीत.

त्या रात्री मी काही लावलं नाही. आई बोलत होती. १९७१ ला ती चौदा वर्षांची. वडील गिरणीत, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे केलेले. भोंगा झाला की दिवा घालवायचा, स्टोव्हसुद्धा. एकदा भात अर्धवट शिजला असताना भोंगा झाला. तिच्या आईनं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं आणि अंधारात सगळे भोवती बसले. दुसरा भोंगा व्हायला तासभर लागला. ‘भात शिजला होता पण,’ आई म्हणाली. ‘गोधडीत. कुणालाच वाटलं नव्हतं.’ मी युद्धाबद्दल इतकं पाहिलंय, पण युद्धात शिजलेल्या भाताबद्दल हे पहिलंच.

मग एका रात्री डंकर्क. नोलनचा चित्रपट मला आवडतो. कमी बोलतो, आणि समुद्राचा रंग धुण्याच्या पाण्यासारखा आहे. मे-जून १९४० मध्ये जर्मनांनी घेरलेल्या त्या फ्रेंच किनाऱ्यावरून दोस्त फौजांची ३,३८,००० माणसं सोडवून नेली. तिथे आपल्याकडचेही लोक होते. खेचरांच्या चार कंपन्या, के-६ नावाचं दल, बहुतेक पंजाबी मुसलमान. बर्फात मोटारी अडतात तिथे खेचर जातं, म्हणून १९३९ च्या डिसेंबरात त्यांना फ्रान्सला नेलेलं. तीन कंपन्या निघाल्या, एक पुढे जर्मनांच्या हाती सापडली. खेचरं तिथेच सोडून यावी लागली. चित्रपटात ना ती माणसं दिसतात ना खेचरं. मी आईला म्हटलं, बघ, ह्यांना जेवायला घालणारे हे. आणि ह्यांनाच काढून टाकलं.

‘खेचरं?’ आई म्हणाली. ‘माझे आजोबा होते की खेचरांवर.’

मी आवाज बंद केला.

तिचे आजोबा लढाईला गेले होते एवढं मला माहीत होतं. आजोळच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात अशा पाट्या कितीतरी गावांत दिसतात. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे, नावं नाहीत. आमच्या पाटीवर कधीतरी भिंतीबरोबर ऑइलपेंटचा हात फिरला, त्यामुळे आता आकडेही बोट फिरवूनच वाचावे लागतात. लहानपणी आम्ही तिथे विटी-दांडूचं राज्य घ्यायचो. मला वाटायचं, लढाईला गेले म्हणजे बंदूक घेऊन गेले.

‘नाही गं. खेचरांच्या पलटणीत. पीठ, डाळ, पेंढ्या. पुढच्यांना शिधा पोचवायचा. बसऱ्याला होते दोन वर्षं.’

बसऱ्याला. पहिल्या महायुद्धातला मेसोपोटेमिया, म्हणजे तेव्हा तुर्कांकडे असलेला आजचा इराक. आमच्याकडे तो देश कुणाला ठाऊक नव्हता, बसरा हे बंदर ठाऊक होतं. बोटीतून जिथे उतरवलं त्या गावाचं नाव सगळ्या युद्धाला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी दुसऱ्या महायुद्धाकडे फिरकले नाही. मेसोपोटेमिया शोधत बसले. आणि लाज वाटली. सोमच्या लढाईचा दिवस मला तासागणिक सांगता येतो आणि ज्या पुण्यात मी राहते त्या पुण्याच्या नावाची अख्खी डिव्हिजन तिकडे उपाशी पडली होती, त्याचा पत्ता नाही. सहावी पूना डिव्हिजन. सेनापती चार्ल्स टाउनशेंड. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली, तिथून ती मागे हटली आणि टायग्रिस नदीच्या वळणावर कुत नावाच्या गावात शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. शिवाय पंजाबी, रजपूत, गुरखे, ब्रिटिश, आणि गावातले हजारो अरब. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सोडवायला आलेल्या फौजांचे सुमारे तेवीस हजार लोक मेले किंवा जखमी झाले, आतल्या शिपायांच्या संख्येहून जास्त. शेवटी लाखो पौंड देऊन सैन्य सोडवून घेण्याचाही प्रयत्न झाला. तुर्कांनी तो धुडकावला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत जेवणाची आहे. आईला मी ती तशीच सांगितली, रोज रात्री थोडी थोडी, थेंब घालून झाले की.

धान्य होतं, पण दळायचं कशावर? तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले.

‘जातं? वरून?’ आई उठून बसली. ‘फुटलं नाही?’

‘पोचलं म्हणे.’

‘दोन्ही तळ्या?’

पुस्तकात एवढं नव्हतं.

‘आणि टाकी कोण लावणार त्याला? दोन महिन्यांत गुळगुळीत होतं जातं. विमानातून टाकाऱ्याला टाकला का?’

मग घोड्याचं मांस. जनावरं कापायची वेळ आली तेव्हा ब्रिटिश शिपायांनी खाल्लं. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांनी नाही म्हटलं, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी यंत्रावरून परवानगी मागवली, ती आलीही, तरी कितीतरी जण एप्रिलपर्यंत तयार होईनात. इंग्रजी पुस्तकांत याला हट्ट म्हटलेलं असतं. आई म्हणाली, ‘परवानगी काशीहून आली म्हणून आमची भावकी ऐकते होय? परत गेल्यावर मुलीचं लग्न कोण लावणार होतं?’ आजारसुद्धा ताटाप्रमाणे वाटले गेले. मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. कोंड्यासकट आटा खाणारे आपले लोक त्यातून वाचले, पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून त्यांच्या हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीनं. एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकायला सुरुवात झाली. काही नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. स्टालिनग्राडच्या सव्वीस वर्षं आधी तेच गणित, आणि उत्तरही तेच.

शरणागतीनंतर टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्याचा कुत्रा, स्पॉट, सुखरूप इंग्लंडला पोचवला गेला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि त्या वाटेवर आणि पुढे छावण्यांत ते हजारोंनी मेले. कुत्र्याचं नाव इतिहासात आहे. मी हे वाक्य आईला सांगितलं नाही. पाटीवरच्या ऑइलपेंटखाली काय आहे ते तिला माहीत आहे.

कुतमधलं मुळी चित्रणच मला सापडलं नाही. वेढ्यात कोण कॅमेरा नेणार? सोमला दोन कॅमेरे होते, म्हणून सोम माझ्या डोक्यात आहे. खोट्या खंदकासकट. मी पाहिलेल्या पहिल्या महायुद्धाच्या माहितीपटांत कुतच्या वाट्याला चार-पाच मिनिटं आली, तीही नकाशावर. बाण.

पण आईचे आजोबा कुतला नव्हतेच. ते गेले १९१७ ला, जेव्हा दुसरी फौज वर सरकत बगदादला पोचली होती. आणि त्या वर्षी तिथे एक कॅमेरा होता. एरियल व्हार्जेस नावाचा अमेरिकन माणूस, ब्रिटिश फौजेचा अधिकृत कॅमेरामन. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात मेसोपोटेमियाच्या फिती आहेत. आई परत जायच्या आदल्या रात्री मी त्यांतली एक लावली. मुकी, कुणी आवाज न चढवलेली. पहिल्यांदाच मला अंगठा रिमोटवर ठेवायची गरज नव्हती.

पांढरं ऊन. नावांवर फळ्या टाकून केलेला पूल, आणि त्यावरून खेचरांची रांग. प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना ओझं, शेजारी एक माणूस, मुंडासं बांधलेला. चेहरे ओळखू येण्याइतके मोठे नाहीत. नवं भिंग बसवलेल्या डोळ्यानं आई अगदी पडद्याजवळ जाऊन, गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होती. मला वाटलं, आजोबांना शोधतेय.

‘हळू कर,’ म्हणाली. मी हळू केलं. एक खेचर पुलावर पाय टाकायला बिचकत होतं. माणसानं ओढलं नाही. तो त्याच्या मानेला खांदा लावून उभा राहिला, मागची रांग थांबली, आणि मग ते आपणहून चाललं.

‘असंच करायचे,’ आई म्हणाली. ‘बैल अडला की असाच खांदा लावायचे. आसूड नाही कधी. म्हातारे झाले होते तेव्हा, पण मेच्या सुट्टीत गावी गेलो की बघायचो आम्ही. एक बैल गेला की दुसरा आणायचे, नाव तेच. बसऱ्या. मी पाहिला तो तिसरा का चौथा.’

पडद्यावर रांग संपली होती आणि रिकामा पूल हलत होता. मी आईकडे पाहिलं. तिच्याही लक्षात तेव्हाच आलं असावं, कारण ती माझ्याकडे वळली. काळा चष्मा नव्हता.

‘म्हणजे बसणारा म्हणून नव्हे,’ मी म्हटलं.

‘छे गं, बशा कुठला तो,’ आई म्हणाली. ‘न बसता अख्खं शिवार नांगरायचा.’